दिवसभर घरात किंवा ऑफिसात असताना सनस्क्रीन कसं लावायचं (कोकणात राहणाऱ्यांसाठी)

हे मी खास त्यांच्यासाठी लिहितेय जे समुद्रावर, बागेत, शेतात दिवसभर उन्हात नसतात. म्हणजे घरून काम करणारे, बँकेत पतसंस्थेत काउंटरवर बसणारे, शाळेत शिकवणारे, दुकान सांभाळणारे आणि घर सांभाळणाऱ्या सगळ्या बायका. मी स्वतः वेंगुर्ल्याची, काम घरून, टेबल खिडकीला लागून. खिडकीकडच्या गालावर वांगाचे डाग दिसायला लागले आणि दुसरा गाल स्वच्छ, तेव्हा कुडाळला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले आणि मग हा सगळा विषय नीट समजून घेतला. शेजारच्या काकी अजून विचारतात, "घरात बसान कसला ता क्रीम लावतंस गो?" त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर सांगते.

आधी थोडक्यात कारण, कारण ते कळलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही.

उन्हातले अतिनील किरण आपल्यापर्यंत दोन प्रकारचे पोचतात, यूव्हीबी आणि यूव्हीए. यूव्हीबीने त्वचा भाजते, लाल होते. साधी खिडकीची काच हे यूव्हीबी जवळपास सगळे अडवते, म्हणून खिडकीत बसून कोणी भाजत नाही आणि आपल्याला वाटतं ऊन लागतच नाहीये. पण यूव्हीए त्या काचेतून बऱ्यापैकी आत येतात, त्वचेत खोलवर जातात आणि काळे डाग, सुरकुत्या यांचं काम शांतपणे चालू ठेवतात. त्यातून आपली त्वचा गव्हाळ-सावळी, अशा त्वचेवर साध्या डोळ्यांना दिसणारा उजेडसुद्धा वांग वाढवतो. म्हणजे आपल्याकडे घरातल्या माणसाची खरी काळजी भाजण्याची नाही, डागांची आहे. वस्तू निवडताना पण हेच डोक्यात ठेवायचं.

२०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो आला होता, ६९ वर्षांचा माणूस, २८ वर्षं ट्रक चालवलेला, खिडकीकडची चेहऱ्याची अर्धी बाजू खोल सुरकुत्यांनी भरलेली आणि दुसरी अर्धी कितीतरी तरुण. चेहरा एकाच माणसाचा, फरक फक्त काचेतून येणाऱ्या उन्हाचा. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो म्हणून डावी बाजू, आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याची उजवी.

१. पहिल्यांदा आपली बसायची जागा तपासा

ट्यूब विकत घ्यायच्या आधी हे करा, फुकट आहे. जिथे तुमचा दिवसाचा जास्त वेळ जातो तिथे बसा आणि बघा, बसल्या जागेवरून आकाश दिसतंय का. आकाशाचा मोठा तुकडा दिसत असेल तर तिथे यूव्हीए पोचतायत, थेट ऊन अंगावर नसलं तरी. समोर भिंत, दाट माड-फणस किंवा खोल पडवी असेल आणि आकाश दिसतच नसेल तर फारच कमी.

मग दिवसातून तीनदा बघा, सकाळी दहा, दुपारी एक, संध्याकाळी चार. आपली बरीच घरं पश्चिमेला समुद्राकडे तोंड करून, त्यामुळे सकाळी सुरक्षित वाटणारी खोली चार वाजता उन्हाने भरून जाते. संध्याकाळचं ऊन कोवळं म्हणून आपण पडदा पण ओढत नाही. यूव्हीबी त्या वेळेला बरेच उतरलेले असतात, यूव्हीए मात्र दिवसभर त्यापेक्षा जास्त सारखे राहतात.

जुन्या कौलारू घरात अजून एक गोष्ट बघायची, काचेचं कौल. माजघरात उजेड यावा म्हणून एखाददुसरं कौल काचेचं बसवलेलं असतं. त्यातून पडणारा कवडसा जागा बदलत जातो. आमच्याकडे तो सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतो, मग खाली उतरून जमिनीवरून सरकत बरोबर जेवणाच्या वेळेला विळीवर येतो, म्हणजे तिथे नारळ खवायला बसणारीच्या चेहऱ्यावर आणि हातांवर. पाट दोन हात बाजूला सरकवला की प्रश्न मिटला, त्याला क्रीम लागत नाही.

तपासून झालं की तुम्ही तीनातले एक असाल:

- आकाश दिसत नाही, ट्यूबलाइटखाली काम, बाहेर जाणं नाही: त्या दिवशी सनस्क्रीन नाही लावलं तरी चालेल. डाग असतील तर पुढचा मुद्दा वाचा.
- खिडकीजवळ, पडवीत, ओटीवर, दुकानाच्या उघड्या दारात: रोज सकाळी लावायचं.
- घरातच असता पण दिवसातून दोनतीन वेळा बाहेर पडता (आपण बहुतेक सगळे यातच येतो): रोज सकाळी, शिवाय बाहेर जायच्या आधी.

खिडकीची जागा बदलता येत असेल तर बदला, जाड पडदा लावा, यूव्ही अडवणारी फिल्म काचेवर बसवून मिळते ती बसवा. हे एकदाच करायचं असतं, सनस्क्रीन रोज लावायला लागतं.

२. आपली त्वचा आणि आपली औषधं लिहून काढा

एका कागदावर लिहा: त्वचा तेलकट की कोरडी, मुरुमं येतात का, वांग आहे का, गरोदर आहात का (गरोदरपणात वांग वाढतं) आणि सध्या कुठल्या गोळ्या, कुठली क्रीम चालू आहेत.

गोळ्यांचं आपल्याकडे खास महत्त्व आहे. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून आरोग्य खात्याकडून डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतात, मुरुमांसाठी पण हीच गोळी देतात. हिने त्वचा उन्हाला नाजूक होते, थोड्या उन्हातही भाजल्यासारखं होऊ शकतं. म्हणून गोळी अजिबात टाळायची नाही, लेप्टो जीवघेणा आजार आहे, फक्त ती चालू असेपर्यंत पूर्ण बाह्या, छत्री, टोपी आणि सनस्क्रीन यांत हयगय नको. रात्री लावायची रेटिनॉल, ट्रेटिनॉइनची क्रीम चालू असतील तरी सकाळी सनस्क्रीन पाहिजेच.

वांग असलेल्यांनी घरातसुद्धा रोज लावावं, आणि जमलं तर टिंटेड म्हणजे त्वचेच्या रंगाचं. त्यात आयर्न ऑक्साइड असतं, ते दिसणारा उजेड अडवतं. पारदर्शक जेल हे काम तेवढं करत नाही.

३. दुकानात ट्यूब उलटी करून वाचा

पुढच्या बाजूला काय मोठ्या अक्षरात लिहिलंय त्यावर जाऊ नका, मागे वाचा.

एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा आहे. एसपीएफ १५ साधारण ९३ टक्के यूव्हीबी अडवतं, ३० साधारण ९७, ५० साधारण ९८. म्हणजे ३० च्या पुढे फरक अगदी थोडा, १०० वाल्यासाठी जास्तीचे पैसे द्यायचं काही कारण नाही. घरातल्या माणसाने बघायचं ते दुसरं, पीए आणि त्यापुढची प्लसची चिन्हं. ही जपानची पद्धत, यूव्हीए किती अडवतं ते सांगणारी, एक प्लस सगळ्यात कमी आणि चार सगळ्यात जास्त. आपल्याला किमान पीए+++ पाहिजे, ++++ मिळालं तर उत्तम. पीएच्या जागी 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलेलं असेल तर दोन्ही किरण अडवतं असा अर्थ. फक्त एसपीएफ ५० लिहिलंय आणि बाकी काहीच नाही, अशी ट्यूब ठेवून द्या.

प्रकार कुठला घ्यायचा ते आपल्या हवेवर. कोकणातला दमटपणा बघता जाड, तेलकट क्रीम दुपारपर्यंत चेहऱ्यावर टिकतच नाही, घामाबरोबर डोळ्यांत उतरतं. जेल, फ्लुइड किंवा मॅट लिहिलेलं घ्या. त्वचा फार नाजूक असेल, सगळ्यानेच चुरचुरत असेल तर झिंक ऑक्साइडवालं बघा, ते सावळ्या त्वचेवर थोडं पांढरट दिसतं पण डोळ्यांभोवती कमी झोंबतं.

बॅच नंबर, लायसन्स नंबर आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख असल्याशिवाय घेऊ नका. एकदम मोठी बाटली नको, पहिल्यांदा लहान ट्यूबच घ्या, नाही आवडलं तर वाया जातं.

४. दोन दिवस थांबा

कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन दिवस बघा. खाज, पुरळ आलं नाही तर चेहऱ्यावर. लग्नाच्या किंवा गणपतीच्या आदल्या दिवशी नवीन ट्यूब पहिल्यांदा उघडू नका.

५. सकाळी लावायची पद्धत

लागणारं सामान एवढंच: साधा फेसवॉश, त्वचा कोरडी असेल तर हलकं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, एसपीएफवाला लिप बाम.

तोंड धुवा, टॉवेलने टिपून घ्या, मॉइश्चरायझर लावत असाल तर आधी ते. ते मुरेपर्यंत थांबा. मग पहिलं बोट आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत सनस्क्रीनची एकेक पट्टी काढा. चेहरा आणि मान मिळून एवढं लागतं. पहिल्यांदा बघून सगळ्यांनाच वाटतं की हे फार झालं, पण ट्यूबवरचा एसपीएफ मोजताना त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढं लावून मोजलेला असतो. वाटाण्याएवढं घेऊन चेहऱ्यावर पसरलं तर ५० चं ५० राहत नाही, खूप खाली येतं.

सगळं एकदम थापू नका, चिकट होईल. आधी एका बोटावरचं कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी यांवर ठिपके देऊन पसरवा, मिनिटभर थांबून दुसऱ्या बोटावरचं तसंच लावा आणि मानेवर न्या. राहून जाणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: कान, कपाळाची केसांजवळची कड, मानेची मागची बाजू, मंगळसूत्राच्या आजूबाजूचा भाग, हाताची पाठ. खिडकीजवळ टायपिंग करत बसणाऱ्यांच्या हाताच्या पाठी आठ तास उजेडात असतात, तिथे नक्की लावा. लावून झालं की पंधरावीस मिनिटांनी पावडर, मेकअप, बाहेर जाणं, काय ते.

बरोबर प्रमाणात लावताय का हे तपासायचा सोपा उपाय: चेहऱ्याला आणि मानेला दिवसातून एकदा लावणाऱ्या माणसाची ५० ग्रॅमची ट्यूब साधारण महिना-दीड महिन्यात संपली पाहिजे. सहा महिने पुरत असेल तर तुम्ही कमी लावताय.

६. परत कधी लावायचं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. दर दोन तासांनी लावा, हे सगळीकडे ऐकायला मिळतं आणि मग घरातली माणसं वैतागून पूर्णच सोडून देतात. दोन तासांचा नियम उन्हात असणाऱ्यांसाठी आहे, मच्छीमार, बागेत काम करणारे, समुद्रावर फिरणारे. घरात बसून घाम न गाळता सनस्क्रीन घड्याळाच्या काट्याबरोबर नाहीसं होत नाही. ते जातं पुसल्याने, धुतल्याने, घामाने. म्हणून वेळ बघू नका, प्रसंग बघा.

परत लावायचं ते असं:

बाहेर पडायच्या आधी. घरातल्या माणसाला दिवसाचं खरं ऊन लागतं ते या छोट्या फेऱ्यांत. मासळी बाजारात दहा वाजता जाणं, मुलांना शाळेतून आणणं, रेशनच्या लाइनीत उभं राहणं, गच्चीवर कपडे वाळत घालणं. प्रत्येक फेरी दहा-पंधरा मिनिटांचीच वाटते, दिवसाची बेरीज तासावर जाते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावरचं आणि कोकण त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे सूर्य आपल्या डोक्यावर बारा वाजता नाही तर साडेबाराच्या आसपास येतो. "दोन वाजले, आता ऊन उतरलं" असं म्हणून निघणारे चांगल्याच तापलेल्या उन्हात निघतात. घड्याळ नको असेल तर सावली बघा, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा छोटी असेल तर ऊन कडक आहे.

तोंड धुतल्यावर. दुपारी झोपून उठून तोंड धुतलं, तर सकाळचं गेलं. त्यानंतर पश्चिमेच्या खिडकीत बसणार असाल तर परत लावा, रात्रीपर्यंत आतच असाल तर नको.

घाम पुसल्यावर. चुलीजवळ, गॅसजवळ तासभर काम केलं आणि पदराने चेहरा खसाखसा पुसला की थर गेला. घाम टिपून घ्यायचा, घासायचा नाही, यानेच थर खूप टिकतो.

आता वाळवणाबद्दल, कारण एप्रिल-मेमध्ये घरात असणारी अर्धी माणसं खळ्यातच असतात. आमसुलं करताना रातांब्याच्या साली रसात बुडवायच्या, वाळत घालायच्या, दुसऱ्या दिवशी परत बुडवायच्या, असं कितीतरी दिवस चालतं आणि ते नेमकं भर उन्हात. हात कोपरापर्यंत लाल, रस बोटांवरून गळतोय, तिथे हाताला सनस्क्रीन लावणं निरुपयोगी, ते धुऊन जाईल आणि आमसुलात उतरेल ते वेगळंच. अशा वेळी हाताला क्रीम नको, जुना पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट साडीवरून घाला, डोक्याला मोठा रुमाल किंवा टोपी, आणि चेहऱ्याला-मानेला मात्र नीट सनस्क्रीन. साली पालटायचं काम नऊच्या आधी आणि चारनंतर, मधल्या वेळेत फक्त कावळे हाकायला सावलीत बसा. आंबापोळी, फणसपोळी, मिरच्या, सुके मासे, सगळ्याला हेच लागू.

प्रवास. एसटीच्या खिडकीची काच बहुतेक उघडीच असते, तिथे काचेचासुद्धा अडसर नाही. गाडीची पुढची काच दोन थरांची असते, ती यूव्हीए बऱ्यापैकी अडवते, बाजूच्या काचा तेवढं अडवत नाहीत. कुडाळहून मुंबईला निघालात तर कुठल्या बाजूला ऊन येणार ते बघून सीट निवडा आणि खिडकीकडच्या हाताला लावा. ट्यूब मात्र बंद गाडीत ठेवू नका, उष्णतेने खराब होते.

७. पावसाळ्यात काय

जूनमध्ये ट्यूब कपाटात आणि ऑक्टोबरमध्ये बाहेर, असं बरेच जण करतात. ढग पातळ असतील तर अतिनील किरणांचा बराच मोठा भाग त्यातून खाली येतो. आणि दक्षिण कोकणात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या सुरुवातीला आणि परत ऑगस्टच्या सुरुवातीला, म्हणजे ऐन पावसाळ्यात. श्रावणात दोन सरींच्या मध्ये जे चटका देणारं ऊन पडतं ते याच्यामुळे. काळोखून मुसळधार पडतोय आणि तुम्ही आत आहात, तर सोडा. उघडीप असेल तर लावा.

८. या गोष्टींपासून सांभाळा

लिंबू. टॅन जातं म्हणून चेहऱ्यावर लिंबू चोळतात. लिंबाचा रस त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्वचा अक्षरशः भाजते आणि मागे काळे डाग राहतात, ते जायला महिने लागतात. सरबत, लोणचं करतानासुद्धा हात नीट धुऊन मगच उन्हात जा.

खोबरेल आणि कोकमाचं तेल. दोन्ही आपली, दोन्ही त्वचा मऊ ठेवायला छान, थंडीत ओठांना-टाचांना कोकमाच्या तेलासारखं काही नाही. पण ऊन अडवण्याची त्यांची ताकद अगदीच तुटपुंजी आहे, सनस्क्रीनच्या जागी चालत नाहीत. रात्री लावा.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी 'डाग घालवायची' क्रीम. यातल्या कित्येकांत स्टिरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल होते, केस येतात, उन्हात जळजळ होते आणि क्रीम थांबवलं की सगळं दुप्पट होऊन परत येतं. मैत्रिणीला फरक पडला म्हणून घेऊ नका, कृपा करून नकोच.

बेरीज. एसपीएफ ३० चं सनस्क्रीन आणि वर एसपीएफ २० ची पावडर म्हणजे ५० होत नाही.

मोबाइल-लॅपटॉपचा उजेड. सूर्याच्या तुलनेत तो नगण्य आहे, त्यासाठी 'ब्लू लाइट' लिहिलेलं महाग क्रीम घ्यायची गरज नाही.

ड जीवनसत्त्व. ते यूव्हीबीने तयार होतं आणि काच यूव्हीबी अडवते, म्हणजे बंद खिडकीत ऊन खात बसून ड जीवनसत्त्व मिळत नाही, डाग मात्र मिळतात. कमी असेल तर डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या आणि चेहरा झाकून हातपायांना थोडा वेळ मोकळं ऊन द्या.

लहान बाळ. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन नाही, त्याला सावलीत ठेवायचं आणि सुती कपड्याने झाकायचं.

९. रात्री काढून टाका

झोपायच्या आधी फेसवॉशने धुवायचं. वॉटर रेझिस्टंट असेल तर आधी कापसावर थोडं खोबरेल घेऊन पुसा, मग धुवा. मुरुमं येणाऱ्यांनी खोबरेल चेहऱ्याला लावू नये, त्यांनी फेसवॉशच दोनदा वापरावा.

१०. डॉक्टरांकडे कधी आणि काय घेऊन

दोनतीन महिने नीट लावूनही डाग वाढतायत, सनस्क्रीनने पुरळ येतंय, किंवा एखादा तीळ आकार-रंग बदलतोय, त्यातून रक्त येतंय, तर त्वचेच्या डॉक्टरांकडेच जा. तीळ बदलत असेल तर दोनतीन महिने थांबायचं नाही, लगेच जायचं. आपल्याकडे तालुक्याच्या गावाला रोज त्वचेचे डॉक्टर असतीलच असं नाही, कुठल्या वारी येतात ते फोन करून विचारून घ्या. बरोबर न्यायचं: आत्तापर्यंत चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या ट्यूबा किंवा त्यांच्या मागच्या बाजूचे फोटो, चालू गोळ्यांची पाकिटं, जुन्या चिठ्ठ्या, थायरॉइडचा रिपोर्ट असेल तर तो आणि डाग सुरू व्हायच्या आधीचा एखादा स्पष्ट फोटो. जाताना चेहऱ्याला पावडर, मेकअप काही लावू नका, टिंटेड सनस्क्रीन पण नको, छत्री घेऊन जा, डॉक्टरांना त्वचा आहे तशी दिसायला पाहिजे.